पणजोबांचा आणि आडनावाचा माग कसा काढावा

आमचे आडनाव सासवडकर. घराणे गेल्या चार पिढ्यांपासून बार्शीचे. परंतु पूर्वज सासवडला पुरंदऱ्यांच्या पदरी कारभारी होते, अशी हकीकत प्रत्येक लग्नकार्यात कोणी ना कोणी सांगत असे. निवृत्तीनंतर ही हकीकत तपासून पाहावी, या हेतूने मी सासवडला गेलो आणि पहिले चार महिने ‘सासवडकर’ या आडनावाच्या नोंदी शोधण्यात घालवले. अखेरीस तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी हसत सांगितले, “अहो, इथं सगळेच सासवडकर. ते नाव तुम्हाला बाहेरच्यांनी दिलं असणार.” गाव सोडल्याशिवाय माणसाला ‘कर’ लागत नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पुढे दीड वर्षात पणजोबांचा मृत्यू, त्यांचे मूळ गाव आणि सासवडकरच्या आधीचे आडनाव या तिन्ही गोष्टी सापडल्या, त्या मी आडनावाचा नाद सोडल्यावर. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या आडनावाऐवजी माणसापासून सुरू होतात.

१. आधी घरातच शोधा

कोणत्याही कचेरीत जाण्यापूर्वी घरातील आणि नात्यातील सर्वांत वयस्कर माणसांना भेटा, आणि त्यांतही स्त्रियांना आधी भेटा, कारण कोणाचे माहेर कुठले आणि कोण कोणाच्या पाठचा, हे त्यांच्या इतके नेमके पुरुषांना ठाऊक नसते. “पणजोबा कधी वारले?” असा प्रश्न विचारल्यास “लई वर्षं झाली” असे उत्तर मिळते. त्याऐवजी पितृपक्षात त्यांचे पान कोणत्या तिथीला वाढतात, हे विचारा. महालयाचे श्राद्ध मृत्यूच्या तिथीस करण्याची रीत असल्याने, सन विसरलेल्या घरातही तिथी टिकून राहिलेली असते. आमच्याकडे ती पंचमी होती.

सन शोधण्यासाठी साथी आणि दुष्काळ विचारा. “प्लेगात गाव सोडलं” असे कोणी म्हणाले, तर १८९६ च्या अखेरीस मुंबईत सुरू होऊन पुढे पुणे भागात पसरलेल्या साथीनंतरची काही वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत. “मानमोडीत गेले” असे म्हणाले, तर ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ होय. माझ्या आत्याने हा मानमोडी शब्द सहज उच्चारला आणि एका शब्दात मला पणजोबांच्या मृत्यूचे साल मिळाले.

त्यानंतर माळ्यावरची भांडी उतरवा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती नावे कागदासारखी वाळवीने खाल्ली जात नाहीत. आमच्या एका घागरीच्या काठावर ‘बा. ल. शिंपी’ एवढी अक्षरे ठोकलेली होती. त्या घागरीतून माझ्या लहानपणी रोज पाणी भरले जाई. पण ‘सासवडकरांच्या घरात शिंपी कोण?’ असा प्रश्न कोणालाही पडला नव्हता.

इथला मुख्य धोका नावांचा आहे. घरात ज्यांना तात्या, आबा, बापू, नाना म्हणत, त्यांचे कागदावरचे नाव निराळेच असते. शिवाय आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे ‘बाळा लक्ष्मण’ आणि ‘लक्ष्मण बाळा’ ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या आलटून-पालटून येते आणि एकाच नावाची दोन माणसे सहज एक होऊन बसतात. प्रत्येक व्यक्तीपुढे तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहिल्याशिवाय तिला वंशावळीत जागा देऊ नका.

२. आडनाव कोणत्या वळणाचे आहे ते पाहा

आडनावावरून घराण्याचा इतिहास ठरत नाही, मात्र शोधाची दिशा ठरू शकते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतनीस ही हुद्द्यांची नावे आहेत, आणि त्यांच्या मागे बहुधा आणखी एखादे जुने आडनाव दडलेले असते. पेशवे हे मूळचे श्रीवर्धनचे भट आणि नाना फडणवीस हे बाळाजी जनार्दन भानू, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्यामुळे दोन कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद असतील असे मुळीच धरून चालू नये. गोत्र, कुळदैवत आणि वतनाचे गाव जुळले तरच पुढे विचार करावा. सुतार, लोहार, शिंपी, गुरव ही व्यवसायांची नावे होत. शिंदे, जाधव, मोरे, चव्हाण ही कुळांची नावे इतक्या दूरवर आणि इतक्या समाजांत पसरलेली आहेत की, नुसत्या नावावरून काहीही सिद्ध होत नाही. तिथे देवक आणि गाव अधिक बोलते.

‘कर’ लागलेल्या नावांत होळ गावच्या होळकरांसारखी उदाहरणे सोपी असतात. पण वडगाव, पिंपळगाव, सावरगाव अशा नावांची गावे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि वडगावकरांनी आपले वडगाव कोणते, हे इतर पुराव्याने ठरवल्याखेरीज प्रवासाचा खर्च करू नये.

अशा वेळी कुळदैवत उपयोगी पडते, परंतु ते आडवाटेचे असेल तरच. जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी अर्ध्या महाराष्ट्राचे दैवत आहे. त्यावरून गाव सापडत नाही. उलट, विदर्भात स्थायिक झालेल्या घराण्याचे दैवत गुहागरचा व्याडेश्वर असेल, तर त्या घराची वाट कोकणातून आलेली आहे, हे बहुतेक निश्चित समजावे.

‘तुमच्या आडनावाचा संपूर्ण इतिहास’ पैसे घेऊन देणाऱ्यांपासून दूर राहा. ते गोत्र, वंश आणि एखादा राजा जोडून देतात. आणि तुमच्या पणजोबांचे नाव मात्र त्या कागदावर कुठेच नसते.

सोबत काय ठेवावे

ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती, स्वतःपासून वरच्या पिढ्यांचे नाते दाखवणारी हाताने काढलेली वंशावळ, वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नक्कल अर्जासाठी कोर्ट फी स्टॅम्प, भिंग, आणि साधी पेन्सिल, कारण जुन्या कागदांजवळ शाईचे पेन सहसा वापरू देत नाहीत. फोनने छायाचित्र घेण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी परवानगी विचारा. एक वही केवळ ‘काय सापडले नाही’ यासाठी ठेवा. कोणते रजिस्टर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिले, हे न लिहिल्यास सहा महिन्यांनी तेच रजिस्टर पुन्हा उघडण्याची वेळ येते.

३. शाळेचे जनरल रजिस्टर

नवख्या माणसाने पहिली सरकारी नोंद इथेच शोधावी. जुन्या प्राथमिक शाळेत अर्ज केल्यावर प्रवेश-निर्गम उतारा मिळतो आणि त्यात मुलाचे व वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे रकाने असतात. जन्मतारीख १ जून असेल, तर ती खरी मानू नका. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि तारीख ठाऊक नसलेल्या असंख्य मुलांचा जन्म गुरुजींनी त्याच दिवशी घडवलेला आहे. महत्त्वाचा रकाना जन्मस्थळाचा.

केवळ स्वतःच्या आजोबांची नोंद काढून थांबू नका. त्यांच्या सर्वांत थोरल्या भावंडाची नोंद काढा, कारण स्थलांतरापूर्वी जन्मलेले मूल तेच असण्याचा संभव अधिक. माझ्या आजोबांची १९१३ ची नोंद ‘सासवडकर, जन्मस्थळ बार्शी’ अशी आहे आणि तिच्यातून मला काहीच नवे कळले नाही. त्यांच्या थोरल्या भावाची १९०२ ची नोंद त्याच शाळेत, त्याच कपाटात होती. तिच्यात वडिलांचे नाव तेच, पण आडनावाच्या जागी ‘शिंपी’ आणि जन्मस्थळ ‘सासवड, ता. पुरंदर’. याचा अर्थ, ज्या आडनावासाठी आम्ही पेशवाईपर्यंत मागे जात होतो, ते या दोन नोंदींच्या मधल्या अकरा वर्षांत कधीतरी कागदावर आले. बहुधा ‘सासवडहून आलेले शिंपी’ या बोलण्यातल्या ओळखीला एखाद्या गुरुजींनी रकान्यात बसवले असावे.

४. मृत्यूची नोंद

खेड्यांत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात सापडतात, आणि ती पुस्तके सामान्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. शहरांत नगरपालिकेची रजिस्टरे पाहावी लागतात. देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी १९६९ च्या कायद्याने आली; त्याआधीच्या नोंदी गावागणिक कमी-जास्त नीट आहेत, ही तयारी मनाशी ठेवा. अर्जात ‘१९०० ते १९३०’ असा मोघम कालावधी लिहिल्यास कर्मचारी हात वर करतात आणि त्यांचे चुकते असेही नाही. एक साल आणि दोन-तीन महिने लिहा.

मी १९१८ चे सप्टेंबर ते डिसेंबर मागितले. एरवी त्या रजिस्टरचे एक पान भरायला पंधरवडा लागलेला दिसतो. ऑक्टोबरमध्ये दोन-दोन दिवसांत पान उलटलेले आहे, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे : ताप, ताप, ताप. शेवटी शेवटी लिहिणाराने शब्द टाकून नुसत्या खुणा केल्या आहेत. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात ‘बाळा लक्ष्मण शिंपी’ हे नाव आले. जुन्या जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या कोष्टकात, पाहिल्यावर तो आठवडा आश्विन वद्य पंचमीचा निघाला, आणि दर भाद्रपदात पंचमीला वाढल्या जाणाऱ्या पानाचा हिशेब लागला. मुलगा शाळेत सासवडकर झाला होता तरी बाप मरेपर्यंत शिंपीच राहिला, हेही त्याच ओळीने सांगितले. मी आडनावावरून शोधत राहिलो असतो, तर ती ओळ माझ्या नजरेखालून निघून गेली असती.

५. जमीन आणि घर

संकेतस्थळावरचा आजचा सातबारा फक्त आजचे सांगतो. पूर्वजांसाठी फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदल नोंदवणारा गाव नमुना ६, पाहावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा असल्याने तिथल्या फेरफारांची अपेक्षा त्यानंतरच करावी. ‘अमुक मयत, वारस अमुक’ अशा एका फेरफारात विधवा, मुलगे आणि कधीकधी मुलीही नावानिशी येतात, आणि वंशावळीला असा दुसरा भक्कम पुरावा नाही. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार व सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात पाहता येतात. तसेच २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर झाले, तेव्हा अनेक जिल्हा प्रशासनांनी जुनी रजिस्टरे स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर ठेवली. तुमचा त्या प्रश्नाशी संबंध नसला तरी ती पाने चाळण्यासारखी आहेत.

आमच्यासारख्या जमीन नसलेल्या घरांनी निराश होऊ नये. गावठाणातील घराची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात मिळते, घरपट्टीच्या आकारणीची जुनी रजिस्टरे पालिकेत असतात, आणि खरेदीखत झाले असेल, तर दुय्यम निबंधकांकडील सूचीत ते नावावरून शोधता येते.

६. क्षेत्रोपाध्ये, हेळवी आणि भाट

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया अशा क्षेत्रांच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलेला माणूस आपले नाव, गाव, वाडवडील आणि भाऊबंद त्यात स्वतः लिहितो किंवा लिहवून घेतो. सरकारी कागदात माणूस विचारतील तेवढेच सांगतो. इथे तो आपणहून सांगतो, म्हणून या वह्यांचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाची माणसे सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ वाचून दाखवत आणि बिदागीत धान्य घेत. काही भागांत हेच काम भाट करत आले आहेत. तुमच्या गावी हेळवी येत असतील, तर ते कोणत्या महिन्यात येतात हे विचारून त्या वेळी गावी राहा.

नाशिकला रामकुंडावर मी प्रथम ‘सासवडकर’ असे सांगितले, तेव्हा दोघा-तिघांनी मान हलवली. नंतर ‘शिंपी, गाव सासवड’ असे सांगताच मला योग्य घरी पोचवण्यात आले. वह्यांची मांडणी समाज, गाव आणि जुने आडनाव यांवर असते. तुमचे नवे आडनाव त्यांच्या उपयोगाचे नाही. लांबट वहीत, दोरा ओवलेल्या पिवळट पानावर, आजोबांच्या थोरल्या भावाने १९१९ मध्ये वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हा लिहिलेली नोंद निघाली : ‘आडनाव माळवदे, मूळ वस्ती क॥ सासवड, हल्ली वस्ती बारशी, धंदा शिवणकाम.’ (क॥ म्हणजे कसबे.) तेवीस वर्षांच्या त्या मुलाला आपले जुने आडनाव ठाऊक होते, आणि पुढच्या पन्नास वर्षांत आमच्या घरातून ते पार पुसले गेले.

माळवद म्हणजे मातीचे धाबे. पूर्वजांचे घर माळवदाचे असेल म्हणून हे नाव पडले, असे म्हणण्याचा मोह मलाही झाला. परंतु त्याचा एकही पुरावा माझ्याकडे नसल्याने मी तसे लिहीत नाही, आणि तुम्हीही अशा सुबक व्युत्पत्तींना वंशावळीत स्थान देऊ नये. कारभारीपणाचा उल्लेख कुठेही आढळला नाही. घरातील काहींना तो अजून रुचलेला नाही.

७. मोडी आणि सालांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक हस्तलिखित नोंदी मोडीत आहेत. त्या लिपीत शब्द सुटे केलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो आणि संक्षेप पुष्कळ येतात : मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे. ‘बिन’ आणि ‘वलद’ या दोन्हींचा अर्थ ‘यांचा मुलगा’ असा आहे. नवखी माणसे वलद हे आडनाव समजतात. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. पूर्ण लिपी शिकणे जमले नाही, तरी आपल्या गावाचे आणि चार-पाच पूर्वजांची नावे मोडीत कशी दिसतात, एवढे जाणकाराकडून लिहून घेऊन घोटा. पाने चाळताना तेवढे पुरते. कायदेशीर कामासाठी मात्र अधिकृत मोडी वाचकाचेच लिप्यंतर घ्या.

सालांसाठी हे नियम लक्षात ठेवा. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन येतो. जानेवारीपासून शकाच्या अखेरीपर्यंतच्या नोंदीसाठी ७९ मिळवावेत. दख्खनच्या फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१ आणि मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावेत. सुहूर सन मृगापासून सुरू होतो आणि आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहितात : ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ म्हणजे दोन, ऐंशी, शंभर आणि हजार, अर्थात ११८२, म्हणजे १७८१-८२. तारखेपूर्वी ‘छ’ असेल, तर महिना मुसलमानी आहे. संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे, नाव दिलेले असेल, तर त्याने ताळा करा. नाशिकच्या वहीत पणजोबांच्या वडिलांची नोंद शके १७९९, ईश्वरनाम संवत्सर अशी आहे. १८७७-७८ हे ईश्वर संवत्सरच होते, म्हणून आकडा बरोबर वाचला गेला, हे कळले.

८. पुराभिलेखागार, आणि तेही सर्वांत शेवटी

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतील सरकारी कागद, हे पुष्कळांच्या मनातील पहिले ठिकाण असते आणि तिथून ते रिकाम्या हाताने परततात. तिथले कागद रुमालांत बांधलेले, प्रांत आणि विषय यांनुसार लावलेले आहेत; आडनावांची सूची हाती मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. वतन, इनाम, पाटीलकी, देवस्थान किंवा लष्करी चाकरी यांपैकी काही घराण्यात असेल, तर तिथे जाणे योग्य, आणि इनाम असल्यास १८५२ च्या कायद्यान्वये चाललेल्या इनाम कमिशनच्या चौकशीत वारसांच्या पिढ्या सापडू शकतात. आमच्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या घरासाठी तिथे काही मिळाले नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासून, कागदपत्रे सांभाळीत आले आहे. तिथे जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्या.

९. मुलूख बदलला की दप्तर बदलते

मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथले जुने महसुली कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. तिथे खासरा पत्रक आणि सेतवार ही जमिनीची जुनी पत्रके विचारावीत. नागपूरकडे बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन महसूल ठरवतानाच्या, मिसली (फायली) पाहाव्यात. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, फलटण ही संस्थाने होती, त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे दप्तर दोन ठिकाणी गेलेले असू शकते. गोव्यातील शोधासाठी पणजीचे पुराभिलेखागार आहे, आणि त्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. धर्मांतरित घराण्यांत पोर्तुगीज आडनावाच्या मागचे जुने नाव शोधावे लागते. मॉरिशसच्या मराठी बांधवांना गिरमिटाच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पाहता येतात. पूर्वज पहिल्या महायुद्धात गेले आणि परतले नाहीत, असे घरी सांगत असतील, तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर नाव शोधा. मात्र रोमन लिपीत एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे करून पाहा.

१०. सापडलेले लिहून ठेवताना

प्रत्येक नोंदीपुढे रजिस्टरचे नाव, पान, क्रमांक, ते कोणत्या कार्यालयात आहे आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख लिहा. महत्त्वाच्या नोंदीची प्रमाणित नक्कल घ्या. ऐकीव माहिती वेगळ्या शाईने लिहा. कित्येक छापील कुलवृत्तांतांत, म्हणजे घराण्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत, मुलींना जागा नाही आणि सुनांची केवळ सासरची नावे आहेत, त्यामुळे माहेरकडून शोध घेणाऱ्याचा मार्गच बंद होतो. आमच्या पणजीचे माहेरचे नाव मला अद्याप सापडलेले नाही.

नाशिकच्या उपाध्यायांनी निघताना वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिले. तुमच्यापुढेही ती येईल, तेव्हा घाई करू नका. सुवाच्य देवनागरीत लिहा, मुली, नाती आणि सुनांची माहेरची नावे घाला, आणि आडनाव बदलले असेल, तर दोन्ही आडनावे लिहा. मी लिहिले : ‘माळवदे, हल्ली सासवडकर. मूळ वस्ती सासवड, नंतर बार्शी, हल्ली वस्ती पुणे.’ त्याखाली तीन ओळी लेकी-सुनांच्या नावांच्या झाल्या, आणि पान संपल्यामुळे नातीचे नाव समासात लिहावे लागले.